सिलायेवला दहावा घेतला, ते बरोबर होतं का?

न्यूजर्सीकर

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग. तिच्या जून 2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्यात, आमच्या न्यूजर्सी डेव्हिल्सनी दहाव्या क्रमांकावर अंतोन सिलायेवला घेतलं. वय 18, उंची 201 सेंटीमीटर, रशियातल्या तोर्पेदो निझनी नोवगोरोदचा बचावपटू. लगेच पुढे अकरावा सॅम डिकिन्सन सॅन होजेला गेला आणि बारावा झीव बुयम, तोही बचावपटू, पण हल्ला रचणारा, मिनेसोटाला. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, बुयम घ्यायला हवा होता. डेन्व्हर विद्यापीठाकडून पहिल्याच वर्षी 42 सामन्यांत 50 गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून), आणि संघ राष्ट्रीय विजेता. सिलायेवचे केएचएलमध्ये, म्हणजे रशियातल्या मोठ्या लीगमध्ये, 63 सामन्यांत 11. केएचएल कॉलेजपेक्षा कितीतरी कठीण, तिथे बाप्यांशी गाठ असते, हे मान्य. पण एवढी तफावत नुसत्या उंचीने कशी भरून निघते?

त्या दिवसांतली हवा आठवा. 3 एप्रिलला न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पक (खेळातली रबरी चकती) पडल्या पडल्या दोन्हीकडचे पाच-पाच जण हातमोजे टाकून एकमेकांना भिडले होते. त्या वर्षी आपण प्लेऑफमध्येही पोचलो नाही. आपली पोरं अंगाने कमी पडतात, हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. अशा रागाच्या भरात केलेली खरेदी महाग पडते, असं मला मनापासून वाटतं. शेजारच्या रेंजर्सनी 2010 मध्ये हेच केलं. मूस जॉ या कॅनडातल्या संघाचा दणकट बचावपटू डिलन मॅकिलराथ दहावा घेतला. बाराव्यावर कॅम फाउलर होता, सोळाव्यावर तारासेंको. फाउलर हजारावर सामने खेळला. मॅकिलराथला 2016 मध्ये रेंजर्सनी दुसरीकडे धाडलं, तोवर त्यांच्याकडून त्याचे पन्नासही झाले नव्हते.

विनिपेगकर

मॅकिलराथचं उदाहरण दर वेळी येतं आणि दर वेळी अर्धंच सांगितलं जातं. त्याला घेतला तो मुख्यतः मारामारीसाठी. सिलायेव 17 व्या वर्षी केएचएलमध्ये बचावफळीत रोज उतरत होता, तेही तोर्पेदोचा प्रशिक्षक इगोर लारिओनोव्हच्या हाताखाली. लारिओनोव्ह म्हणजे पक खेळवायला शिकवणारा माणूस, नुसता धिप्पाड गडी तो रोज उतरवणार नाही. (तुमच्या माहितीसाठी, त्याचा खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम डेव्हिल्सकडूनच झाला.)

आणि तुमच्याकडे काय कमी होतं ते बघा ना. ल्यूक ह्यूज आहे, नेमेत्स आहे, डगी हॅमिल्टन आहे. पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा एक माणूस शिक्षेमुळे बाहेर असताना, मागे उभा राहतो तो एकच. बुयम हा तसलाच चौथा घेऊन त्याला उभं कुठे करणार होतात? गोलसमोरची गर्दी हटवायला, एक माणूस कमी असताना दोन मिनिटं तग धरायला कोण आहे? व्हेगासने 2023 मध्ये स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तो हेग, मॅकनॅब, पीट्रांजेलो या बचावपटूंच्या जोरावर. तिघेही सव्वासहा फूट किंवा त्याहून उंच.

न्यूजर्सीकर

दादा, मग तेही पूर्ण सांगा. हेग ड्राफ्टला 34 वा होता, मॅकनॅब 66 वा. सेंट लुइसचा कोल्टन परायको 86 वा, त्यालाही 2019 चा कप मिळाला. असा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सापडतो, मग त्याच्यापायी दहावा क्रमांक का खर्चायचा?

विनिपेगकर

सापडतो तो एखादाच. त्या फेऱ्यांमध्ये किती उंच पोरं वाया गेली ते कोणी मोजत नाही.

रिंकवरची आई

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, मिसिसागाला खेळतो. शनिवारी पहाटे साडेपाचला डबे भरून आम्ही रिंकवर. त्याच्याच संघात एक मुलगा आहे, वर्षभरात इतका वाढला की मागच्या हिवाळ्यातले स्केट त्याला आता जातच नाहीत. कोच सगळ्यांना उलटं पळवतात, शिट्टी झाली की वळून पुढे. लहानखुरी मुलं जागच्या जागी वळतात. हा आधी कंबर उघडतो, मग एक पाय टाकतो, मग दुसरा. तेवढ्यात समोरचा तीन पावलं पुढे. शक्तीत तो सगळ्यांना भारी आहे, पण ती वापरायला समोरचा हाताला तर लागला पाहिजे.

सिलायेवचे जे काही व्हिडिओ पाहिलेत, त्यात मी फक्त हेच पाहते. तो वळताना कंबर आधी उघडत नाही. पाय अंगाखालीच राहतात, आणि ती लांबलचक काठी पुढे असल्यामुळे समोरच्याला आत यायला वाट मिळत नाही, कडेने भिंतीकडेच जावं लागतं. दोन मीटरच्या मुलात मी हे फार क्वचित पाहिलंय. त्याला दहावा घेतला तो या पायांसाठी असेल, तर मी विनिपेगकरांच्या बाजूने.

जुना डेव्हिल

2000 साली आपल्या डेव्हिल्सच्या बचावपटू स्कॉट स्टीव्हन्सने फिलाडेल्फियात तिथल्या संघाच्या लिंड्रॉसला दिलेली धडक मी एडिसनमध्ये मित्राच्या घरी टीव्हीवर पाहिली. आम्ही सगळे ओरडत उठलो होतो. लिंड्रॉस बर्फावरून उठेना तेव्हा गप्प झालो. डोक्यावरच्या धडकांसाठी 2010 पासून वेगळा नियम आहे, आज तशा धडकेवर मोठी शिक्षा होईल. पण आपल्या मनात बचावपटू म्हटलं की अजून तोच येतो. आणि एक विसरतो आपण. स्टीव्हन्स सहा फूट दोन इंच होता, फार उंच नव्हे, आणि 1993-94 मध्ये 78 गुण करून संघात पहिला आला होता.

न्यूजर्सीकर

ताई, तुमचं निरीक्षण पटलं. पायांबद्दल माझा शब्द मागे घेतो. किमतीबद्दल नाही.

ड्राफ्टमधला क्रमांक म्हणजे बाजारातली पतसुद्धा. डिसेंबर 2025 मध्ये मिनेसोटाने व्हँकुव्हरकडून क्विन ह्यूज घेतला, तेव्हा दिलेल्या मालात बुयम होता. क्विन ह्यूज! आमच्या संघातल्या जॅकचा आणि ल्यूकचा सख्खा भाऊ. तिन्ही भाऊ नेवार्कला, आपल्या घरच्या मैदानावर, एकत्र खेळताना बघायचं म्हणून इथे लोक कधीपासून आस लावून बसले होते. बुयम आपल्या हातात असता तर निदान बोलणी तरी बरोबरीने झाली असती. उंच बचावपटू पिकायला वेळ घेतो, आणि तोवर त्याची किंमत कोणी धड करत नाही. उंच बचावपटू झ्डेनो चारा बघा. 1996 मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनी 56 वा घेतला, 2001 मध्ये ऑटवाच्या याशिनच्या बदल्यात ऑटवाला देऊन टाकला. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळाली 2009 मध्ये, बॉस्टनला, वयाच्या 32 व्या वर्षी.

विनिपेगकर

चाराची गोष्ट माझ्याच बाजूची आहे. आयलँडर्स त्याला घेऊन चुकले नाहीत, सोडून चुकले. 24 व्या वर्षी दिला आणि पुढची वीस वर्षं तो दुसऱ्यांसाठी उभा राहिला. क्विनचं दुःख समजतं, पण त्यापायी या पोराला विकायची घाई करू नका. 2031 पर्यंत थांबा. तेव्हा तो 25 चा असेल. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये एक गोलची आघाडी आणि शेवटची दोन मिनिटं, तुमच्या गोलसमोर कोण उभा आहे ते मला सांगा. नसला तर मी इथेच येऊन तुमचं म्हणणं मान्य करेन.