'द सिक्स्थ एक्स्टिंक्शन': आरोपीच्या पिंजऱ्यात नेमके कोण?

मूळ मत: एक वाचक, फोंडा

एलिझाबेथ कोल्बर्ट यांचे 'द सिक्स्थ एक्स्टिंक्शन' हे 2014 साली आलेले आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालेले पुस्तक आमच्या वाचनमंडळात नुकतेच वाचून झाले. पृथ्वीवर आजवर पाच महाविलोप, म्हणजे असंख्य जीवजाती एकाच काळात नष्ट होण्याच्या घटना, झाले आणि सहावा आपल्या हयातीत, आपल्याच हातून घडतो आहे, हा त्याचा गाभा आहे. लेखिकेच्या कसबाबद्दल वाद नाही. पनामातल्या सोनेरी बेडकांच्या कातडीवर कायट्रिड बुरशी वाढते, कातडीतून होणारे क्षारांचे शोषण विस्कटते आणि शेवटी बेडकाचे हृदय थांबते, हे त्या इतक्या नेमकेपणाने सांगतात की वाचताना आपण त्या ओढ्याकाठी उभे असतो.

माझा आक्षेप निष्कर्षावर आहे. निअँडरथल मानवापासून ग्रेट ऑक या न उडणाऱ्या समुद्रपक्ष्यापर्यंत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'मानवजात' हा एकच आरोपी उभा केला जातो. ग्रेट ऑकची शेवटची ज्ञात जोडी 1844 मध्ये आइसलंडजवळच्या एल्डी बेटावर मारली गेली, ती अशा दुर्मिळ पक्ष्यांना संग्राहकांकडून भाव येत होता म्हणून. मग दोष त्या बाजाराचा, की तो पक्षी कधी पाहिलाही नाही अशा कोट्यवधींचा? सत्तरी तालुक्यातला काजू बागायतदार आणि डोंगर पोखरणारा खाणमालक यांना एकाच माळेचे मणी ठरवले की सुटका खाणमालकाची होते.

उत्तर: एक वाचक, पेडणे

आपले म्हणणे ऐकायला गोड आहे, कारण त्यात आपण दोघेही निर्दोष सुटतो. कायट्रिड जगभर कसा पसरला, याच्या दोन शक्यता कोल्बर्ट देतात. गर्भचाचणीसाठी आफ्रिकेतून नेलेले बेडूक ही एक आणि खाण्यासाठी देशोदेशी पाठवलेले अमेरिकी बुलफ्रॉग ही दुसरी. यात खलनायक कोण? रुग्णाची तपासणी करणारा डॉक्टर, की ताटात बेडकाची तंगडी घेणारा गिऱ्हाईक?

आता आपल्या अंगणात या. मृगाच्या पहिल्या सरींनंतर शेतांत बेबे, म्हणजे मोठे बेडूक, ओरडू लागतात, नर पिवळेजर्द होतात, गळ्याशी निळे फुगे फुगतात, आणि त्याच रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे बांधावर उतरतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात 1987 मध्ये बंद केली, तरी 'जंपिंग चिकन' या नावाने बेडकाचे मांस मागणारे आहेत आणि पुरवणारेही आहेत. वर्षातून एकदाच प्रजननासाठी बाहेर पडणारा प्राणी अंडी घालण्याआधीच पोत्यात जातो. हे काम कोणत्या खाणमालकाचे?

उत्तर: एक वाचक, वाळपई

बेडकांबद्दलचे मान्य. पण त्या न्यायाने सगळ्या गोष्टी गावकऱ्याच्या माथी मारू नयेत. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ मृत सापडले आणि विषप्रयोगाच्या संशयावरून स्थानिकांना अटक झाली. ज्यांची गुरे वाघाने मारली त्यांना भरपाई कधी आणि कशी मिळते, यावर तेव्हा किती चर्चा झाली? जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि अभयारण्यातल्या घरांत मात्र 'आमचे पुढे काय' हाच प्रश्न राहिला. कोल्बर्ट यांच्या पुस्तकात शास्त्रज्ञ भरपूर भेटतात. जंगलाच्या कडेला राहणारा माणूस फारसा भेटत नाही. ही उणीव मला मूळ लेखकाने सांगितलेल्या उणिवेपेक्षा मोठी वाटते.

उत्तर: एक शिक्षिका, मडगाव

मला दोन्ही बाजूंचे पूर्ण पटत नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकात आपल्या गिधाडांना जागा मिळायला हवी होती, कारण त्यांची कथा 'मानवजात' या मोघम आरोपाच्या अगदी उलट जाते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या दीड दशकात सुमारे 99.9 टक्क्यांनी घटली. शिकार किंवा जंगलतोड हे त्याचे मुख्य कारण नव्हते. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. 2004 मध्ये हे सिद्ध झाले आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. औषध देणाऱ्या शेतकऱ्याचा हेतू बैलाच्या वेदना कमी करण्याचा होता, म्हणजे पेडणेकरांचे म्हणणे इथे खरे ठरते. पण गिधाडे जी काही उरली ती नेमके कारण हुडकल्यामुळेच, हेही तितकेच खरे.

मूळ लेखकाचे उत्तर: फोंडा

गिधाडांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, बाई. एका औषधाचे नाव घेता आले म्हणून बंदी घालता आली. 'माणूस' या प्राण्यावर बंदी घालता येत नाही. आणि बेबे धरणाऱ्यावर छापा टाकणे सोपे असते, हे पेडणेकरांनी ध्यानात घ्यावे. मोलेच्या जंगलातून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी हे तिन्ही प्रकल्प एकदम आले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध पोत्यातले बेडूक मोजण्याइतका सोपा पुरावा कोणाकडे होता? मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली, पण तिथवर पोहोचायला लोकांना किती झगडावे लागले, ते गोव्याने पाहिले आहे.

उत्तर: पेडणे

मोलेचा विषय काढलात म्हणून सांगतो, पुस्तकातले ब्राझीलमधल्या मनाउसचे प्रकरण पुन्हा वाचा. जीवशास्त्रज्ञ टॉम लव्हजॉय यांनी अ‍ॅमेझॉनमध्ये जंगलाचे चौकोनी तुकडे राखून वर्षानुवर्षे तपासले आणि तुटलेल्या तुकड्यांतून जाती एकेक करून गळत गेल्याचे त्यांना दिसले. ते रान कापून गुरांची कुरणे करायला ब्राझीलच्या सरकारने उत्तेजन दिले होते, हेही कोल्बर्ट तिथे स्पष्ट लिहितात. म्हणजे तुम्हाला हवा तो आरोपी पुस्तकात नाव घेऊन हजर आहे. मात्र लव्हजॉय यांचा मुद्दा पुढचा आहे: रस्ता कोणी आणि कशासाठी काढला, याच्याशी त्या तुकड्यातल्या पक्ष्याचे काही देणेघेणे नसते, तुकडा झाला की त्याचे खाते बुडीतच निघते.