पिल्लू झोकांड्या खातंय, खाताना मान थरथरते, कोणी वाढवलंय का असं?

माऊवेडी_ठाणे
आमच्या पार्किंगमधल्या मांजरीची पिल्लं आता महिन्याची झाली असतील. बाकीची टणाटण उड्या मारतायत पण एक काळंपांढरं चालायला लागल्यापासून झोकांड्याच खातंय, पाय फाकवून उभं राहतं, पुढचा पाय उगाच उंच उचलून टाकतं आणि खायला तोंड खाली नेलं की मान इतकी थरथरते की नाक वाटीवर आपटतं. झोपल्यावर मात्र काही नाही, एकदम शांत. भूक मस्त आहे, खेळतं पण. डॉक्टर म्हणाले मेंदूचं आहे, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवू. मी सरळ उचलून घरी आणलं. घरातल्या मोठ्या मांजरीला लागण होईल का? आणि हे वाढत जाणार का?

बोकोबा
ताई इंजेक्शन अजिबात नको. तुम्ही सांगताय ते सेरेबेलर हायपोप्लेसियासारखं वाटतंय, म्हणजे तोल सांभाळणारा लहान मेंदू पूर्ण वाढलेलाच नसतो. बहुतेक वेळा आई गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनियाचा (मांजरांमधला एक गंभीर साथीचा आजार) व्हायरस झालेला असतो, तो भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो आणि पिल्लाच्या लहान मेंदूत तेव्हा नेमक्या तशाच पेशी असतात. गाभण मांजरीला जिवंत व्हायरसची लस दिली तरी होऊ शकतं. बरं होत नाही, पण वाढतही नाही, दुखत नाही आणि ही मांजरं बाकीच्यांइतकीच जगतात. हा तोल जाणं संसर्गजन्य नाही, पण पिल्लू काही आठवडे व्हायरस बाहेर टाकत असू शकतं म्हणून मोठीची लस झालेली नसेल तर आधी ती करा आणि तोवर खोल्या वेगळ्या ठेवा. हा व्हायरस घरात वर्षभर टिकू शकतो, साध्या फिनेलवर भरवसा नको, पातळ केलेलं ब्लीच वापरा, आणि पुसून झाल्यावर जागा नीट धुऊन वाळवायची.

डोंबिवलीकर
बोकोबांशी सहमत पण एक बघा, थरथर जन्मापासून आहे की अचानक सुरू झाली? मान एकाच बाजूला कलली असेल, डोळे सारखे डावी-उजवी हलत असतील तर कानाचं इन्फेक्शन असू शकतं, ते औषधाने बरं होतं. आणि कुत्र्याचं गोचिडांचं पर्मेथ्रिनवालं औषध कोणी लावलंय का विचारा, मांजरांना ते विष आहे, तसं असेल तर आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा. दिवसेंदिवस बिघडत गेलं तर दुसरंच काहीतरी आहे, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवाच. चालतानाचा व्हिडिओ काढून न्या, टेबलावर घाबरून बसलं की डॉक्टरांना काही दिसत नाही.

सावंतवाडीची_मनी
माझ्याकडे अशीच मोठी झालीये हो, गुणी पोर आहे. गुळगुळीत फरशी हा यांचा खरा शत्रू, तिथे सतरंजी, पायपुसणी, जुनी योगा मॅट काहीही पसरा. नखं फार बारीक कापू नका, त्यावरच तर पकड असते. वाटी जड आणि जरा उंचावर ठेवा. लिटर ट्रेला (शी-शूच्या ट्रेला) पुढून कड कमी आणि बाकी तिन्ही बाजू उंच हव्यात, ती टेकूनच बसते. गॅलरीला जाळी पाहिजेच, जिन्याला आडोसा. पडली की लगेच धावून उचलू नका, ती आपली युक्ती शोधते, माझी भिंतीला घासत घासत चालते. नसबंदी पण झाली, फक्त भूल देणाऱ्यांना आधी सांगून ठेवलं.

माऊवेडी_ठाणे
मान कललेली नाही, डोळे स्थिर आहेत, औषध कोणी लावलेलं नाही. मोठीचा बूस्टर झालेला आहे. आत्ता सतरंजी टाकली तर पठ्ठ्या हॉल ओलांडून थेट माझ्या पायाशी आला! व्हिडिओ घेऊन उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते, काय म्हणतात ते इथेच लिहीन.