'लॉर्ड' म्हणजे पोशिंदा की भाकरीचा राखणदार?

पाटीपेन्सिल: 'लॉर्ड' हा मुळात जोडशब्द आहे, हे आज कानाला कळतच नाही. जुन्या इंग्रजीत तो 'ह्लाफवेअर्ड'. 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा 'लोफ'. 'वेअर्ड' म्हणजे राखणारा, 'वॉर्डन'च्या कुळातला. झिजत झिजत 'ह्लाफोर्ड', 'लोव्हर्ड' आणि मग 'लॉर्ड'. आपण तर त्याचा 'लाटसाहेब' केला! माझ्या मते हा आपला 'पोशिंदा'च. सगळ्यांच्या पोटाची काळजी वाहतो तो धनी. फार सुंदर शब्द आहे.

रानवाट: व्युत्पत्ती मान्य, पोशिंदा अजिबात मान्य नाही. आपण पोशिंदा म्हणतो शेतकऱ्याला, कारण तो पिकवतो. 'वेअर्ड' राखतो, म्हणजे कोठाराची किल्ली त्याच्या कमरेला. इंग्लंडातल्या केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ. स. 600च्या सुमाराच्या कायद्यात पदरच्या माणसाला 'ह्लाफएटा' म्हटलंय, म्हणजे भाकर खाणारा. त्याला मारलं तर दंड 6 शिलिंग. ज्याची ओळखच 'दुसऱ्याची भाकर खाणारा' अशी, त्याला विचारा हा शब्द सुंदर आहे का. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, एवढंच त्याच्या हाती.

पाटीपेन्सिल: पण त्याच कलमात तो माणूस कोणाच्या पदरी आहे? 'चेओर्ल'च्या, म्हणजे साध्या स्वतंत्र शेतकऱ्याच्या! स्वतः पिकवून चार माणसं जेवू घालणाराच की तो. भाकर देणारा म्हणजे सरदारच, असं तुम्ही धरून चाललात.

धुळाक्षर: 'लेडी' राहिली. ती 'ह्लॅफदिगे', बहुधा 'कणीक मळणारी'. बहुधा म्हणतो, कारण 'दिगे' जुन्या इंग्रजीत सुटा सापडत नाही. पण 'डो' म्हणजे मळलेली कणीक, त्याच धातूतला. आणि संस्कृत 'दिह्', लिंपणे, हाही त्याच मुळाचा. त्यातून आपला 'देह'. राखणाऱ्यावर एवढा वाद, मळणारीचं नाव कोणी काढलं नाही, याचं वाईट वाटतं.

वेशीबाहेर: मूळ अर्थावरून आजचा अर्थ ठरवू नका. 'विंडो' म्हणजे नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, भाषेतला 'वाऱ्याचा डोळा', आपलं 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा. खिडकी उघडताना गाय कोणाला आठवते?

रानवाट: आजचा अर्थ कोण ठरवतंय? प्रश्न त्या काळच्या घराचा आहे. पाटीपेन्सिल, चेओर्लचा मुद्दा बिनतोड, मी घाई केली. तरी शब्दात 'देणारा' नाही, 'राखणारा'च आहे. त्यावरून मी हटणार नाही.