टायनम: सैन्याने घेतलेलं गाव परत द्यायला हवं होतं का?

पाऊलवाट:
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये टायनम नावाचं गाव आहे. खरं तर होतं. गेल्या उन्हाळ्यात बघून आले, तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय.

१०८६ च्या डूम्सडे या इंग्लंडच्या जुन्या जमीन-नोंदवहीतही हे गाव सापडतं. नोव्हेंबर १९४३ मध्ये घरोघरी पत्रं आली: १९ डिसेंबरपर्यंत घरं रिकामी करा. रणगाड्यांच्या गोळीबाराच्या सरावासाठी ७,५०० एकर हवे होते. हा त्याग लहान नाही याची सरकारला जाणीव आहे, असंही पत्रात होतं. नाताळच्या तोंडावर २२५ माणसं निघाली. जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली: चर्च आणि घरं जपा, आम्ही एक दिवस परत येऊ आणि गाव नीट ठेवल्याबद्दल तुमचे आभार मानू.

युद्ध संपलं. १९४८ मध्ये सरकारने सगळी जमीन सक्तीने विकत घेतली. आज बहुतेक शनिवार-रविवारी गाव पाहायला उघडं असतं. बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत, चर्च आणि शाळा तेवढी डागडुजी करून ठेवलीय. शाळेत कोट अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावं आहेत. तिथून माझा पाय निघेना.

माझं मत सरळ आहे. गाव परत द्यायला हवं होतं. युद्धासाठी मागितलेली गोष्ट युद्ध संपल्यावर परत करायची असते.

दगडूशेठ_नव्हे:
ताई, त्याच शाळेबद्दल बोलू. ती सैन्याने बंद पाडली नाही. मुलंच उरली नाहीत म्हणून १९३२ मध्ये बंद झाली, पत्रं यायच्या ११ वर्षं आधी. मासेमारी आणि शेतमजुरीवर जगणारं गाव, तरुण मंडळी आधीच बाहेर पडत होती.

हे एका टायनमचं नाही. विल्टशरमधलं इंबर घ्या, तेही डिसेंबर १९४३ मध्येच रिकामं केलं. १८५१ मध्ये तिथे ४४० लोक होते, १९३१ मध्ये १५२. त्या ऐंशी वर्षांत तिथे कोणी तोफ डागून माणसं हाकलली नव्हती. यंत्रं आली, मजुरी गेली, गाव आटलं. टायनम परत दिलं असतं तर फार तर आणखी एक पिढी टिकलं असतं.

आणि सरकारने परत द्यायचं लेखी वचन दिलं होतं का? चिठ्ठीत ‘परत येऊ’ आहे, पण ती चिठ्ठी गावकऱ्यांची.

शेवंता:
आटणारं गाव आपल्या गतीने आटू द्यावं ना. म्हातारं माणूस जाणारच आहे म्हणून त्याला घराबाहेर काढतात का? इंबरचा लोहार ऐरणीवर डोकं टेकून रडताना सापडला होता. थोड्याच दिवसांत वारला आणि पुरायला त्याला इंबरलाच नेलं. १५२ च्या आकड्यात तोही एक होता.

माझ्या आईचं माहेर धरणात गेलंय. त्यामुळे मी तटस्थ नाही, आधीच सांगते.

सातबारा:
मूळ प्रश्न वेगळा आहे. परत कुणाला द्यायचं?

टायनमची घरं आणि शेतं बाँड घराण्याच्या मालकीची होती, १६८३ पासून. गावकरी बहुतेक सगळे कुळं. त्यांना भरपाई मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची. जमिनीची नाही, घराची नाही, कारण कागदावर त्यांचं काहीच नव्हतं.

त्याच डॉर्सेटमध्ये क्रिचेल डाउनची ७२५ एकर जमीन विमानदलाने बाँबफेकीच्या सरावासाठी घेतली होती. ती परत मिळावी म्हणून जमीनदाराच्या घरातले लोक भांडले, चौकशी झाली, १९५४ मध्ये शेतीमंत्री डगडेल यांनी राजीनामा दिला आणि जमीन परत मिळाली. पुढे नियमच झाला की गरज संपलेली सरकारी जमीन आधी जुन्या मालकाला देऊ करायची. मालकाला! हा नियम टायनमला लावलात तरी ज्यांनी चुली विझवल्या त्यांच्या हाती काही येत नाही.

दगडूशेठ_नव्हे:
हेच म्हणतो. शिवाय आज त्या किनाऱ्यावरची कितीतरी घरं लंडनवाल्यांची सुट्टीची घरं झालीत. टायनमचंही तेच झालं असतं. सैन्यामुळे निदान तिथे बंगले उठले नाहीत, फवारणी झाली नाही. फुलपाखरं, रानफुलं टिकली.

पाऊलवाट:
फुलं मीही पाहिली, सुंदर आहेत. पण ती सैन्याने लावली नाहीत, आणि ती राखायला गोळीबार लागत नाही. जमीन सरकारकडेच ठेवून, बांधकामावर बंदी घालून, घरं त्याच कुळांना भाड्याने देता आली असती.

सातबारा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याने माझं मत थोडं बदललंय. मी ‘गाव परत’ म्हणत होते. आता म्हणेन, राहणाऱ्यांना परत. १९४८ मध्ये ती माणसं हयात होती, काही तर वेअरमला, दहाएक मैलांवर राहत होती. त्यांना विचारायला फार लांब जावं लागलं नसतं.

शेवंता:
आणि वेअरमच्या नव्या घरात नळ होता, वीज होती, म्हणून काहींना परत जायचं नसेलही. तेही त्यांनीच सांगायचं होतं.