दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून इमॅजिका : लहान मुले आणि सासूबाई बरोबर असताना बेत कसा आखावा?

मुक्ताई :

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरला शाहूपुरीत राहतो. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला न्यायचे मुलांना गेल्या वर्षीच कबूल केले होते आणि यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत तो शब्द पाळायचा आहे. आम्ही सहा जण आहोत : मी, यजमान, दहा वर्षांचा मुलगा, साडेचार वर्षांची मुलगी, चौदा वर्षांचा पुतण्या आणि सासूबाई. सासूबाईंचे वय सदुसष्ट आहे. सपाट रस्त्यावर त्या सावकाश चालतात, परंतु गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. "मी घरीच थांबते, तुम्ही जाऊन या," असे त्या म्हणत असल्या तरी सणाच्या दिवसांत त्यांना एकटे ठेवून जाणे आम्हा दोघांच्याही मनाला पटत नाही.

यजमानांचा विचार असा आहे की मध्यरात्री गाडी काढावी, पार्क उघडण्याच्या वेळी पोहोचावे, दिवसभर फिरून रात्रीच परतीला लागावे, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचेल. तिकिटांचाच खर्च सहा जणांचा असल्यामुळे त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही, पण एवढा प्रवास मुलांना आणि सासूबाईंना झेपेल का, याची काळजी वाटते. वॉटर पार्क त्याच दिवशी करता येईल का, धाकटीला बसता येईल असे तिथे काही आहे का आणि सासूबाईंचा दिवस कसा जाईल, हेही ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सांगावे.

पंचगंगाकाठ :

मुक्ताईताई, मध्यरात्रीचा बेत आधी रद्द करा, ही कळकळीची विनंती. तीन वर्षांपूर्वी आम्ही नेमके हेच केले होते. रात्री एकला रंकाळ्यावरून निघालो, गाडीत कोणालाच धड झोप लागली नाही आणि सकाळी पार्कच्या दाराशी उभे राहिलो तेव्हा आम्ही सगळे आधीच थकलेले होतो. दुपारी तीनच्या सुमारास आमचा सहा वर्षांचा मुलगा फिरत्या घोड्यांच्या पाळण्यासमोरच्या बाकावर, दोन्ही बूट पोटाशी धरून, गाढ झोपला. ज्या पाळण्यासाठी त्याने महिनाभर दिवस मोजले होते तो समोर फिरत होता आणि त्याला उठवण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. परतताना खंबाटकीच्या घाटात गाडी चालवताना माझ्या डोळ्यांवर झापड आली. बायकोने हाक मारली म्हणून भान आले. घाट उतरल्यावर एका ढाब्यापाशी गाडी उभी करून आम्ही पहाटेपर्यंत तिथेच थांबलो. मुक्कामाचे जे पैसे वाचवले त्यांच्या बदल्यात काय गमावले असते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर आणि तिथून खोपोली साधारण ७५ ते ८०, म्हणजे एका बाजूचा प्रवास तीनशेच्या घरात जातो. किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर हे टोलनाके ओलांडून पुढे द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा भरावा लागतो, आणि कागल ते साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाच्या कामांमुळे जिथे जिथे रस्ता वळवलेला असतो तिथे वेळ हमखास जातो. त्यामुळे सकाळी न्याहारी करून निघावे, साताऱ्याच्या आसपास जेवावे आणि संध्याकाळपर्यंत लोणावळ्याला किंवा खोपोलीला मुक्कामी पोहोचावे. दुसरा दिवस पूर्ण पार्कचा आणि तिसरा परतीचा. रजा एक दिवस जास्त लागेल, पण मुले जागी आणि हसतमुख असतील. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना सकाळच्या कोयना एक्सप्रेसने दुपारी पुण्याला उतरून पुढे लोणावळ्याला जाता येते. महालक्ष्मी एक्सप्रेस पुण्याला अपरात्री पोहोचते, त्यामुळे लहान मुलांसह ती सोयीची पडत नाही.

वॉटर पार्क त्याच दिवशी मुळीच करू नका. त्याचे तिकीट वेगळे आहे आणि एका दिवसात दोन्ही करू पाहणाऱ्यांचे कोणतेच नीट होत नाही. थीम पार्कमध्ये शिरल्यावर बहुतेक लोक दाराजवळच फोटो काढत रेंगाळतात आणि पहिली दिसेल ती रांग धरतात. त्या वेळात तुमच्या पुतण्याने यजमानांबरोबर थेट नायट्रो गाठावी, कारण पाय अधांतरी लोंबकळत ठेवणारी ही राइड मोठ्या मुलांची सर्वांत आवडती असल्याने तिची रांग दिवस चढेल तशी वाढत जाते. उन्हाच्या वेळी आतल्या बंदिस्त राइड घ्याव्यात. 'आय फॉर इंडिया'मध्ये भव्य पडद्यासमोर आसने हवेत तरंगतात आणि आपण देशावरून उडत चाललो आहोत असे वाटते. लहान मुलांनाही त्याची भीती वाटत नाही. राजासॉरसची होडी मात्र माणसाला भिजवते, तेव्हा ती ऊन असतानाच करावी, म्हणजे कपडे अंगावर वाळतात. सर्वांसाठी मोज्यांचा एकेक जास्तीचा जोड बरोबर ठेवा, कारण ओल्या मोज्यांनी दिवसभर चालल्यावर पायांना फोड येतात. (मुलाला डायनोसॉरची आवड असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की राजासॉरस हा खरोखरच आपल्या देशातला डायनोसॉर असून त्याचे जीवाश्म गुजरातेत सापडले आहेत. आमच्या मुलाने रांगेतला सगळा वेळ त्याच एका गोष्टीवर प्रश्न विचारण्यात घालवला.)

दिवस निवडताना भाऊबीज आणि तिला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. शाळांना सुट्टी लागल्यावर वसुबारसेच्या आधी एखादा मधला वार मिळाला तर उत्तम, कारण त्या दिवसांत घरोघरी फराळाची आणि साफसफाईची गडबड असते.

जुना सहलप्रमुख :

मी बावीस वर्षे शाळेच्या सहली नेल्या आहेत, म्हणून दोन-तीन गोष्टी आग्रहाने सांगतो.

मुलांची उंची घरूनच मोजून न्या. बूट काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक आडवे धरून भिंतीवर खूण करा आणि टेपने मोजा. नायट्रोसारख्या मोठ्या राइडला १४० सेंटिमीटर उंची लागते आणि दहा वर्षांची पुष्कळ मुले त्याच्या अगदी जवळपास असतात, त्यामुळे तुमच्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न नक्की उभा राहील. हा नियम कोणाला त्रास द्यावा म्हणून केलेला नाही. खांद्यांवरून खाली येणारा दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरावरच घट्ट बसतो आणि त्याहून लहान मूल त्यातून निसटू शकते. सातवीतला आमचा एक विद्यार्थी पाऊण तास रांगेत उभा राहून मोजपट्टीपाशी पोहोचला आणि दोन बोटे कमी भरला. त्याने टाचा उंचावल्या, कर्मचाऱ्याने खांद्यावर हात ठेवून हळूच त्या खाली टेकवायला लावल्या, आणि मग सगळ्या वर्गमित्रांना पुढे जाऊ देत तो रांगेतून उलटा बाहेर आला. त्याचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. मुलाला घरीच सांगितले असते की ही राइड पुढच्या वर्षी, तर ती वेळ त्याच्यावर आली नसती. त्यानंतर प्रत्येक सहलीच्या आधी मी वर्गातच उंची मोजून कोणाला काय करता येईल याची यादी करत असे.

धाकटीच्या उंचीला चालतील असे पाळणे तिथे आहेत. मात्र अंधार आणि मोठा आवाज असलेल्या राइडमध्ये चार-पाच वर्षांची मुले फार घाबरतात आणि एकदा घाबरलेले मूल उरलेला दिवस साध्या पाळण्यातही बसायला तयार होत नाही. सलीमगडसारख्या भुताटकीच्या ठिकाणी तिला नेऊ नका आणि थोरल्याने "तू घाबरट आहेस" असे तिला चिडवू नये, हेही त्याला आधीच बजावून ठेवा.

सकाळी आत शिरण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत मोबाइलवर फोटो काढा. मूल गर्दीत दिसेनासे झाले तर वर्णन करताना आईवडिलांना शर्टाचा रंगही आठवत नाही, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. धाकटीच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा मोबाइल क्रमांक लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. चुकामूक झाल्यास गणवेशातल्या कर्मचाऱ्याकडे जायचे आणि जागेवरून हलायचे नाही, एवढेच तिला शिकवा. जोरात फिरणाऱ्या राइडवर जाताना मोठ्यांनी चष्मा, मोबाइल, ओढणी आणि गळ्यातले सोन्याचे दागिने काढून खाली थांबलेल्या माणसाकडे द्यावेत. मंगळसूत्र तर मुक्कामीच ठेवावे किंवा ब्लाउजला पिनेने टाचावे.

सुमनमावशी :

मुक्ताई, तुमच्या सासूबाईंना जरूर न्या. मी माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईला घेऊन गेले होते आणि ती सहल तिच्या तोंडी अजून आहे. फक्त त्यांना सगळ्यांच्या मागून चालायला लावू नका. प्रवेशद्वारापाशी चौकशी केली की चाकाची खुर्ची मिळते. "मला काय धाड भरली आहे" असे म्हणत आईने सुरुवातीला ती नाकारली. तेव्हा मी तिला सांगितले की ही खुर्ची तुझ्यासाठी नाही, पिशव्यांसाठी आहे. अर्ध्या तासाने ती आपणहून तीत बसली. एका सावलीच्या जागेला आपला तळ माना आणि दर दीड तासाने एक मोठा माणूस त्यांच्याजवळ थांबेल अशी पाळी लावा, म्हणजे धाकटीलाही तिथे विसावता येईल. गुडघे, पाठ, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी झटके देणाऱ्या राइडमध्ये बसू नये, ही सूचना प्रत्येक ठिकाणी लिहिलेली असते आणि ती मनापासून पाळावी. हळू चालणाऱ्या आणि बसून पाहायच्या गोष्टी त्यांना नक्की आवडतील.

आणखी एक. हे पार्क खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पालीचा बल्लाळेश्वर आणि खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक ही अष्टविनायकांतली दोन्ही स्थाने तिथून जवळ आहेत. (महड म्हणजे चवदार तळ्याचे महाड नव्हे, नकाशात शोधताना बरेच जण चुकतात.) तिसऱ्या दिवशी सकाळी दर्शन घेऊन निघालात तर ही सहल सासूबाईंचीही होईल. माझी आई "मी घरीच थांबते" हे म्हणायची थांबली ती बल्लाळेश्वराचे नाव ऐकल्यावर.

जाण्यापूर्वी एका रविवारी सर्वांनी मिळून कणेरी मठाचे सिद्धगिरी म्युझियम पाहून या. कोल्हापूरपासून जवळच आहे, उघड्यावर बरेच चालावे लागते, आणि सासूबाई किती वेळ चालू शकतात, धाकटी कधी कडेवर घ्या म्हणते, कोणाच्या चपलेने पाय चावतो, हे सगळे त्या एका दिवसात कळते.

फिरस्ता :

पर्याय म्हणून बंगळूरच्या वंडरलाचाही विचार करावा असे मी सुचवेन. मैसूर रस्त्यावर बिडदीजवळ २००५ पासून ते सुरू आहे आणि तिथे जमिनीवरच्या व पाण्यातल्या राइड एकाच तिकिटात येतात. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर झोपून जाता येते, गाडी चालवण्याचा शीण नाही. पाण्यात उतरायला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. ते घरून नेले तर भाडे वाचते. अर्थात सासूबाई बरोबर असताना अंतर पाहता मी स्वतः खोपोलीच निवडेन. वंडरला मुले थोडी मोठी झाल्यावर करावे.

मुक्ताई :

सर्वांचे मनापासून आभार. पंचगंगाकाठ यांचा अनुभव यजमानांना वाचून दाखवला. ते काही वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग स्वतःच लोणावळ्याच्या खोल्या पाहायला बसले. थोरल्याची उंची काल रात्री भिंतीला टेकवून मोजली, १३७ भरली. थोडा हिरमुसला, पण भिंतीवरच्या खुणेपाशी त्याने स्वतः तारीख लिहिली आहे. सासूबाईंनी पालीचे नाव ऐकताच नारळ घरूनच न्यायचा की तिथे घ्यायचा, हे विचारले. आता एकच शंका उरली आहे : दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग असे सगळे बांधून घ्यायचा विचार आहे, ते आत नेता येईल का?

पंचगंगाकाठ :

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, अगदी लहान बाळाच्या खाण्याला आणि औषधांना मात्र हरकत घेत नाहीत. दशम्या प्रवासासाठी आणि मुक्कामाच्या खोलीवर पहिल्या रात्रीच्या जेवणाला ठेवा. दोन दिवस सहज टिकतात. पार्कच्या दिवशी सकाळी खोलीवर पोटभर पण हलके खाऊन निघा आणि आत साडेअकरालाच जेवून घ्या, कारण एक वाजता जेवणाच्या ठिकाणी सर्वांत मोठी गर्दी असते आणि त्याच वेळी राइडच्या रांगा थोड्या ओसरतात. मात्र जेवणानंतर तासभर गोल फिरणारे काहीही नको. सासूबाईंच्या गोळ्या गाडीत विसरू नका, त्या पर्समध्येच ठेवा. गाडीतळापासून प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर पुन्हा चालून येण्याइतके जवळ नाही.