सीक्वेल की एसक्यूएल? क्लासमध्ये आणि मशीन शॉपवर कोणता उच्चार शिकवायचा

द्वारका_डेटाबेस

कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत बहुतेक कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्याच दिवशी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेला 'सीक्वेल' आणि डेटा लिहून ठेवायच्या जेएसओएन, वायएएमएल या पद्धतींना 'जेसन', 'यॅमल' म्हणायला शिकवलं जातं. मला हे चुकीचं वाटतं. नवशिक्याला आधी सुटी अक्षरं द्या: एस, क्यू, एल. शब्द करून म्हणणं चार महिन्यांत आपोआप तोंडात बसतं, त्यासाठी शिकवावं लागत नाही.

कानावर जे पडतं तेच बोटांतून उतरतं. मायएसक्यूएल या डेटाबेसचं नाव 'माय सीक्वेल' असं ऐकलेला मुलगा टर्मिनलवर 'माय'ला जोडून एस-ई-क्यू-यू-ई-एल लिहितो आणि 'कमांड नॉट फाउंड' बघत बसतो. ही चूक निदान लगेच दिसते. 'जेसन'ची लवकर दिसत नाही. मुलगा फाइलचं एक्स्टेन्शन जे-ए-एस-ओ-एन असं ठेवतो. फाइल सेव्ह होते, उघडते, आतले कंस आणि स्वल्पविराम सगळे जागेवर असतात, पण एडिटर तिला रंग देत नाही आणि प्रोग्रॅमला ती सापडत नाही. मग तो मजकुरातच चूक शोधत राहतो. चूक असते नावात घुसलेल्या एका 'ए'ची.

'सीक्वेल हेच मूळ नाव' असं कोणी म्हणायच्या आत सांगतो. हो, १९७४ मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा मांडली तेव्हा तिचं नाव सीक्वेलच होतं. पण तो इंग्लंडमधल्या हॉकर सिडली या विमान कंपनीचा ट्रेडमार्क निघाला आणि नाव बदलावं लागलं. १९८६ मध्ये अमेरिकेत मानक ठरलं ते एसक्यूएल या नावानं. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्येही 'माय एस क्यू एल' हाच अधिकृत उच्चार दिलाय. 'माय सीक्वेल' म्हटलं तरी आमची हरकत नाही, एवढीच सवलत आहे.

सातपूर_व्हीएमसी

सुटी अक्षरं म्हटली की गोंधळ होत नाही, हे तुम्ही धरूनच चाललात. फोनवर आणि मशीनशेजारी नेमकं उलट होतं.

बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही. सगळ्यांचा शेवट 'ई'. फरक फक्त सुरुवातीच्या इवल्याशा व्यंजनात, आणि गोंगाटात पहिलं तेच बुडतं. सीपीयू, जीपीयू आणि टीपीयू कॉम्प्रेसर चालू असताना वेगळे ऐकून दाखवा. बीजीपी म्हणजे नेटवर्कांमधले रस्ते ठरवणारा प्रोटोकॉल आणि पीजीपी म्हणजे ईमेल कुलूपबंद करण्याची पद्धत. कानाला दोन्ही एकच. साध्या टेलिफोन लाइनवर आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात जातो. 'एस' आणि 'एफ' यांना वेगळं करणारी सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जाते. त्यामुळे समोरचा नेटवर्कच्या स्विचवर एसटीपी (केबलचं वेटोळं झालं तर ते तोडणारा प्रोटोकॉल) बंद करायला सांगतोय की एफटीपी (फाइली पाठवणारा), हे संदर्भावरूनच ओळखायचं. एफटीपी बंद केलं तर फाइली जाणार-येणार नाहीत, एवढंच. एसटीपी बंद केलं आणि केबलिंगमध्ये कुठे वेटोळं असलं, तर अख्खं नेटवर्क बसतं.

शॉपवरचं जवळचं उदाहरण म्हणजे सीएनसी मशीनच्या प्रोग्रॅममधले 'एम तीस' आणि 'एन तीस'. एन तीस हा नुसता ओळीचा क्रमांक. एम तीस म्हणजे प्रोग्रॅम संपला, सुरुवातीला जा. मधल्या ओळीत एनच्या जागी एम पडला तर मशीन अलार्म देत नाही, शांतपणे तिथेच थांबतं आणि पुढचं कटिंग होतच नाही.

याउलट स्काडा, कॅड, कॅम, फॅनक हे शब्द गोंगाटातही कापले जात नाहीत. मशीनचे कंट्रोल बनवणारी फॅनक म्हणजे फुजी ऑटोमॅटिक न्यूमरिकल कंट्रोल, पण अंबडमध्ये कोणी एफ-ए-एन-यू-सी म्हणतं का? शब्दाला दोन-तीन स्वर असतात, घाट असतो, अर्धवट ऐकला तरी ओळखता येतो.

द्वारका_डेटाबेस

घाट असतो, पण तोच घाट दुसऱ्या शब्दालाही असतो. 'सास' घ्या. भाड्यानं मिळणारं सॉफ्टवेअर ते सास, सीएसएस लिहायची सोपी पद्धत ती सास, संख्याशास्त्राचं पॅकेज ते सास आणि सर्व्हरची हार्ड डिस्क तीही सास. त्यात शेजारी 'साटा', हा डिस्कचा दुसरा प्रकार. फोनवर 'सासची डिस्क पाठवा' म्हटल्यावर समोरून साटाची आली तर तुमचं नशीब, कारण साटा डिस्क सासच्या बॅकप्लेनवर, म्हणजे सर्व्हरमधल्या डिस्क जोडायच्या बोर्डवर, चालते. उलटं झालं तर नाही. सासच्या कनेक्टरमध्ये साटाची मधली खाच भरलेली असते, ती साटाच्या केबलमध्ये शिरतच नाही. डिस्क परत पाठवायची, दुसरी मागवायची. एस-ए-एस म्हटलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

गंगापूर_रोड_मराठी

दोघंही कोणता तरी एकच नियम सगळ्यांवर लावताय. आपल्या भाषेनं हा नियम कधीच ठरवून ठेवलाय, तो आधी बघा.

नाशिककर 'सिडको' म्हणतात, उद्योजकांच्या संघटनांना 'निमा' आणि 'आयमा' म्हणतात, बँकेत 'नेफ्ट' म्हणतात. पण 'एमआयडीसी' आणि 'आरटीजीएस' सुट्या अक्षरांनी. आरटीजीएसमध्ये स्वरच नाही, तिथे दुसरा इलाजच नव्हता. एमआयडीसीचं 'मिडक' करता आलं असतं, पण शेवटचा 'डक' तोंडाला रुचत नाही. आणि ओझरचा विमान कारखाना, एचएएल? ते वाचायला अगदी सरळ आहे, तीन अक्षरं, मधे स्वर. तरीही कोणी शब्द करत नाही, कारण त्याचा 'हाल' होतो. म्हणजे कसोट्या दोन: तोंडात बसतंय का, आणि आपल्या भाषेतल्या एखाद्या शब्दावर आपटतंय का.

दुसरी कसोटी क्लासमध्ये कोणी लावत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. सी भाषेतला कॅरॅक्टरचा डेटा टाइप घ्या. हे आद्याक्षरांचं नाव नाही, कापलेला शब्द आहे, पण प्रश्न तोच. बहुतेक शिक्षक त्याला 'चार' म्हणतात. आता हे वाक्य मोठ्यानं वाचा: 'इंट चार बाइटचा आणि चार एक बाइटचा.' किंवा 'एक चार ॲरे घ्या, मग चार पॉइंटर घ्या.' मुलानं चार पॉइंटर लिहिले तर चूक कोणाची? मराठीत 'च' दोन आहेत. 'चाक'मधला दंतमूलीय असता तर निदान कान वेगळा पडला असता. पण आकड्यातला 'चार' नेमका तालव्यच आहे, इंग्रजी उच्चारासारखाच, म्हणून दोन्ही तंतोतंत एक ऐकू येतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना 'चार' की 'कॅर' हा आवडीचा प्रश्न असेल. मराठीतून शिकवणाऱ्यानं 'कॅर'च म्हणायला हवं, कॅरॅक्टरमधला 'कॅर'.

पंचवटी_लिनक्स

ज्यानं वस्तू बनवली त्याचा मान कोणीच ठेवायचा नाही का? स्टीव्ह विल्हाइट यांनी १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हमध्ये जीआयएफ हा चित्रांच्या फाइलचा प्रकार बनवला आणि २०१३ मध्ये वेबी पुरस्कार घेताना पडद्यावर लिहून दाखवलं की उच्चार 'जिफ' आहे. तरी लोक 'गिफ' म्हणतात. कारण देतात, की 'जी' हा ग्राफिक्सचा आहे. हाच हिशेब लावला तर जेपीईजीमधला 'पी' फोटोग्राफिकचा, म्हणून 'जेफेग' म्हणायला हवं. म्हणत नाहीत. म्हणजे विस्तारावरून उच्चार ठरतो हा युक्तिवादच टिकत नाही.

टेक या छपाईच्या प्रणालीत तर बनवणाऱ्याचं ऐकण्यात फायदाच आहे. डोनाल्ड नूथ यांनी स्पष्ट सांगितलंय की शेवटचं अक्षर इंग्रजी एक्स नाही, ग्रीक 'खाय' आहे, घशातून घासत येणारं. इंग्रज माणूस त्याचा 'टेक' करतो. आपल्याकडे 'ख' आहे, 'टेख' म्हटलं तर आपण मुळाच्या जास्त जवळ जातो. आणि टेकवरच उभ्या असलेल्या लाटेकला 'लाटेक्स' म्हणणाऱ्यानं तोच शब्द शोधला तर रबराचे हातमोजे समोर येतात.

सातपूर_व्हीएमसी

बनवणाऱ्याचा मान नावाच्या स्पेलिंगपुरता ठेवा. पीएनजी या चित्रांच्या फाइलच्या मानकात उच्चार 'पिंग' असा लिहून ठेवलाय. नेटवर्कवाल्यासमोर 'पिंग पाठवा' म्हणून बघा, तो चित्र पाठवणार नाही. समोरचं मशीन उत्तर देतंय का हे बघणारी 'पिंग' ही कमांड त्याच्या आधीपासून होती. गंगापूर रोडवाल्यांची दुसरी कसोटी इथेही लागते, फक्त आपटणारा शब्द मराठीतला नसून धंद्यातला आहे.

इंदिरानगर_वाचक

स्क्रीन रीडरवर ऐकून काम करणाऱ्यांचा मुद्दा कोणीच काढला नाही. तिथे उच्चार तुम्ही नाही, सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ते बदलता येतं. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर असेल तर इन्सर्ट आणि एन दाबून मेनू उघडा. प्रेफरन्सेसमध्ये स्पीच डिक्शनरीज, त्यात डिफॉल्ट, मग ॲड. 'पॅटर्न'मध्ये मूळ अक्षरं, 'रिप्लेसमेंट'मध्ये ऐकायचा उच्चार. खाली 'टाइप'मध्ये 'होल वर्ड' निवडायला विसरू नका. ते 'एनीव्हेअर'वर राहिलं आणि जीयूआयसाठी 'गुई' घातलं, तर 'गाइड' या इंग्रजी शब्दातली पहिली तीन अक्षरंही बदलली जातात आणि पुढचं सगळं वाचन विचित्र होतं.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना एक विनंती: 'एस. क्यू. एल.' असं टिंबं देऊन लिहू नका. काही आवाज प्रत्येक टिंबाशी वाक्य संपल्यासारखे थांबतात. 'एसक्यूएल' असं सलग लिहा.

द्वारका_डेटाबेस

'कॅर' मला शंभर टक्के पटलं. सातपूरकरांचा फोनचा मुद्दाही खोडता येत नाही, पण त्यावर उपाय शब्द करणं हा नाही. 'बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली' म्हणायचं आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचं, हा आहे. इंग्रजीतल्या शेवटच्या अक्षराला 'झी' तर अजिबात म्हणू नका. 'झेड'च म्हणा. मशीनच्या प्रोग्रॅममध्ये टूल कुठे न्यायचं ते सांगणारं 'झी मायनस पन्नास' आणि 'जी'चे कोड यात घोळ झाला तर टूल जॉबमध्ये घुसेल.

सातपूर_व्हीएमसी

झेडचं मान्य, शॉपवर तेच चालतं. मग आकड्यांनाही हाच न्याय लावा. 'जी एकोणपन्नास'मधलं 'एकोण' आवाजात गेलं की 'जी पन्नास' उरतं. जी ४९ टूलच्या लांबीची भरपाई रद्द करतो. लेथवर बऱ्याच कंट्रोलमध्ये जी ५० स्पिंडलच्या वेगाची मर्यादा ठरवतो. 'चार नऊ' असे सुटे आकडे सांगा. आयपी ॲड्रेसलाही तेच, एकोणतीस आणि तीस ही दोन वेगळी मशीन असतात.

गंगापूर_रोड_मराठी

सुटे आकडे सांगताना तो 'चार' पुन्हा आलाच. म्हणून सी शिकवणाऱ्यांनी तरी 'कॅर' उद्यापासून सुरू करावं.

पंचवटी_लिनक्स

आणि एसक्यूएलचं? मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर काम करणारे बहुतेक सगळे 'सीक्वेल सर्व्हर'च म्हणतात. मुलाखतीत तोच शब्द कानावर येईल. मुलाला तो आधी ऐकवलाच नाही, तर प्रश्न कशाबद्दल आहे हेच त्याला कळणार नाही.

द्वारका_डेटाबेस

ऐकवा ना, फळ्यावर अक्षरं लिहून झाल्यावर ऐकवा. पण पोस्टग्रेस या डेटाबेसकडेही बघा. त्याचा अधिकृत उच्चार 'पोस्ट-ग्रेस-क्यू-एल' आहे, मधला 'एस' दोन्हीकडे मिळून एकच. 'सीक्वेल' तिथे बसतच नाही. एकाच तासात एका डेटाबेसला सीक्वेल आणि दुसऱ्याला क्यूएल म्हणायचं, तर मुलाला हे कधी कळणार की दोन्हीकडे भाषा एकच आहे?