सोसायटीतील प्रत्येक घरात स्मोक अलार्म बसावा, यासाठी सभासदांना कसे तयार करावे?

प्रश्न : ठाणेकर सचिव

आमची गृहनिर्माण संस्था ठाण्यात असून इमारत सात मजल्यांची आहे. जिन्यालगत होज रील (आगीवर पाणी मारण्याच्या गुंडाळलेल्या नळ्या) आहेत, प्रत्येक मजल्यावर अग्निशामक सिलिंडर आहेत आणि परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी व जुलैमध्ये फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला) घेऊन तो अग्निशमन कार्यालयात वेळेवर दाखलही होतो. मात्र ही सारी व्यवस्था घराच्या उंबरठ्याबाहेरची आहे. रात्री एखाद्या बंद खोलीत वायर पेटली, तर त्या घरातील माणसांना जागे करणारे एकही साधन आमच्याकडे नाही.

मागच्या सर्वसाधारण सभेत मी प्रत्येक घरात स्मोक अलार्म बसवण्याचा प्रस्ताव मांडला. उघड विरोध कुणी केला नाही, पण होकारही मिळाला नाही. फोडणी दिली की तो वाजेल, देवघरातील धुपाने वाजेल, बॅटरी कोण बदलणार, घरात आम्ही एवढी माणसे असताना यंत्राची गरज काय, असे प्रश्न आले आणि त्यांतील काहींची नेमकी उत्तरे मला देता आली नाहीत. खर्च संस्थेने करावा की ज्याचा त्याने, यावरही एकमत होईना. शिवाय काही घरांत वृद्ध जोडपी एकटीच राहतात आणि माझी खरी काळजी त्यांच्याविषयीची आहे. ज्यांनी आपल्या इमारतीत असे काही केले आहे किंवा ज्यांना या विषयाची प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त अग्निशमन जवान

सचिवसाहेब, ‘घरात एवढी माणसे आहेत’ या आक्षेपाला आधी उत्तर द्यावे, कारण बाकीचे आक्षेप त्याच्याच आडून येतात. झोपलेल्या माणसाचे नाक त्याला जागे करत नाही. धुराचा वास येईल आणि जाग येईल, हा समज अतिशय घातक आहे. गादी, सोफ्यातील फोम, प्लास्टिक ही घरातली सामग्री धुमसू लागली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपलेल्या माणसाला आणखी गाढ झोपेत नेतो. घरातील आगींत माणसे भाजण्याआधी गुदमरून जातात, ती यामुळेच. कानाचे तसे नाही, मोठा आवाज झोपेतही मेंदूपर्यंत पोहोचतो. अलार्म आग विझवत नाही, तो फक्त काही मिनिटे हाती देतो, आणि आजच्या घरांतील सामान ज्या वेगाने पेटते तो पाहता आग भडकल्यावर बाहेर पडायला दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ मिळेल असे धरूनच चालू नये.

सभेत आपल्या जवळचीच उदाहरणे सांगा. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी गोरेगावच्या एका बहुमजली इमारतीत पहाटे आग लागली तेव्हा तळमजल्यावर उभी असलेली वाहने पेटली, धूर वर चढला आणि किमान सात जणांचे प्राण गेले. वरच्या मजल्यांवरच्या माणसांचा त्या आगीच्या कारणाशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणून ‘माझ्या घरात मी काळजी घेतो’ एवढे पुरत नाही. चार्जिंगला लावलेली स्कूटर खाली असते आणि धूर मात्र चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या घरात शिरतो.

यावरून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अलार्म वाजल्यावर माणूस जाणार कुठे, याचे उत्तर तयार नसेल तर अलार्मचा उपयोग अर्धाच होतो. आपल्याकडे जिन्यात चपलांची कपाटे, सायकली, जुन्या गाद्या, कुंड्या ठेवलेल्या असतात. गच्चीच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली एकाच माणसाकडे असते. खिडक्यांना चोरांच्या भीतीने पक्क्या ग्रिल बसवतात आणि त्यांत उघडणारा भाग ठेवत नाहीत. ठेवलाच तर त्याच्या कुलपाची किल्ली नेमकी कोणत्या डब्यात आहे ते कुणाला आठवत नाही. प्रस्ताव मांडताना अलार्म, मोकळा जिना आणि ग्रिलची किल्ली हे एकत्रच मांडा. जिना मोकळा करायला पैसे लागत नाहीत, तेव्हा सुरुवात तिथून करा. समितीने स्वतःच्या मजल्यापासून ती केली, तर इतरांना सांगण्याचा अधिकार मिळतो.

आणखी एक, जे प्रत्येक मुलाला पाठ असावे. दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने ते गरम आहे का पाहावे. गरम असेल किंवा बाहेर धूर दाटला असेल, तर दार बंदच ठेवून खालची फट ओल्या टॉवेलने बंद करावी, खिडकीशी जावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवून मजला व सदनिका क्रमांक सांगावा. धुरातून जावेच लागले तर खाली वाकून, रांगत जावे. लिफ्ट कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकवलेले आठवून शेजाऱ्यांना ओले कापड नाकातोंडाशी धरायला लावले होते. मुलांना सांगितलेले वाया जात नाही, हे मी नोकरीतही पाहिले आहे. घरी जाऊन आईवडिलांना प्रश्न विचारणारी तीच असतात.

उत्तर २ : विद्युत अभियंता, पुणे

फोडणीचा आक्षेप खोटा नाही, पण त्याचे उत्तर सोपे आहे. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावायचाच नाही. तेथे उष्णतेवर चालणारा हीट अलार्म लावावा, जो साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला वाजतो आणि वाफेला किंवा मिरचीच्या खकाण्याला दाद देत नाही. स्मोक अलार्म शयनगृहांत आणि शयनगृहांकडे जाणाऱ्या मार्गिकेत किंवा दिवाणखान्यात असावा, शेगडीपासून निदान तीन मीटर दूर. देवघर ज्या खोलीत आहे तेथे तो देवघराच्या थेट वर येणार नाही एवढे पाहावे. बहुतेक अलार्मना आवाज काही मिनिटे थांबवणारे बटण असते. धूपआरतीच्या वेळी ते दाबावे, बॅटरी काढून ठेवू नये, कारण काढलेली बॅटरी परत बसत नाही.

प्रकार विचाराल तर फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशकिरणाच्या साहाय्याने धूर ओळखणारा, घ्या. आयनीकरणावर चालणाऱ्या जुन्या प्रकारात अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. तो ज्वाळांच्या आगीला लवकर ओळखतो, मात्र गादी किंवा वायर धुमसत असेल तेव्हा फोटोइलेक्ट्रिकच अधिक लवकर वाजतो, आणि स्वयंपाकाच्या धुराने त्रासही कमी देतो.

खरेदी करताना लोक एका ठिकाणी हमखास फसतात. ऑनलाइन दुकानांत ‘स्मोक डिटेक्टर’ म्हणून जे स्वस्तात मिळते, त्यांतील बरेचसे नग कार्यालयांच्या फायर पॅनेलला (आगीची सूचना देणाऱ्या मध्यवर्ती नियंत्रण पेटीला) जोडण्यासाठी बनवलेले असतात. ते पॅनेलला कळवतात, स्वतः वाजत नाहीत. घरासाठी स्वतःचा भोंगा आणि स्वतःची बॅटरी असलेला अलार्म हवा. खोक्यावर ईएन १४६०४ (युरोपीय) किंवा यूएल २१७ (अमेरिकी) यांपैकी एक मानक छापलेले आहे का ते पाहा. दहा वर्षांची सीलबंद बॅटरी असलेला मिळाला तर तोच घ्यावा, कारण आपल्या सभासदांचा ‘बॅटरी कोण बदलणार’ हा प्रश्न तिथेच संपतो. किंमत एका बऱ्या मिक्सरपेक्षा पुष्कळ कमी पडते.

जागा छतावरच, शक्यतो खोलीच्या मध्याकडे, भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर सोडून. आपल्याकडे मध्यावर पंखा असतो, म्हणून पंख्याच्या पात्याच्या टोकापासून साधारण ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर वारा धुराला अलार्मपर्यंत पोहोचू देत नाही. एसीच्या झोतासमोरही नको. महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे, वर्षातून दोनतीनदा ब्रशने धूळ व कोळिष्टके काढावीत आणि घराला रंग देताना तो झाकून ठेवावा. पण काम संपल्या दिवशी आवरण काढायला विसरू नये. दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदलायचा असतो, त्यामुळे बसवल्याची तारीख मागच्या बाजूस मार्कर पेनने लिहून ठेवावी.

उत्तर ३ : न्यू जर्सीहून

इकडे घरोघरी अलार्म असणे ही नेहमीची बाब आहे, तरीही लोकांच्या सवयी ठाण्याहून फारशा वेगळ्या नाहीत. आमच्या ओळखीच्या कित्येक मराठी घरांत तळण सुरू करण्याआधी अलार्म उतरवून ठेवला जातो आणि मग तो फडताळातच राहतो. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या अग्निसुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या अभ्यासांत वर्षानुवर्षे हेच दिसत आले आहे की घरगुती आगींतील सुमारे पाचांपैकी तीन मृत्यू अशा घरांत होतात, जिथे अलार्म नव्हता किंवा होता पण चालत नव्हता. आणि न चालण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे काढलेली किंवा संपलेली बॅटरी.

अमेरिकन रेड क्रॉसने २०१४ पासून घरोघरी विनामूल्य अलार्म बसवण्याची मोहीम चालवली आहे. तिच्यातील घेण्यासारखी गोष्ट म्हणजे स्वयंसेवक अलार्म हातात देऊन निघून जात नाहीत. ते घरात येतात, शिडी लावून स्वतः अलार्म बसवतात, वाजवून दाखवतात आणि मग घरच्यांबरोबर बसून बाहेर पडण्याचे दोन मार्ग व बाहेर एकत्र जमण्याची जागा ठरवून घेतात. परिपत्रक लावून जे होत नाही, ते या अर्ध्या तासात होते, असे माझे मत आहे. तुमच्या संस्थेत प्रत्येक मजल्याला दोन सभासद नेमून हेच करता येईल. आणि दरमहा बटण दाबायची आठवण राहत नसेल तर ती देखभाल शुल्काच्या बिलावरच छापावी.

उत्तर ४ : गृहिणी, नाशिक

आमच्या वसाहतीत हा विषय सभेत अडला आणि महिला मंडळात सुटला, म्हणून लिहिते. सभेला घरातून एकच माणूस येतो आणि तो बहुधा स्वयंपाकघरात नसतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही कामाचे वाण द्यायचे ठरवले. कुणी अलार्मच्या बॅटऱ्या दिल्या, तर कुणी गॅसची सुरक्षा नळी. नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलावी लागते, हे कित्येकींना त्या दिवशी प्रथमच कळले. त्याच वेळी अग्निशमन केंद्रातील जवानांना विनंती करून प्रात्यक्षिकही ठेवले होते. पेटत्या तेलात पाणी ओतले तर त्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते, हे त्यांनी मोकळ्या मैदानात दाखवले आणि मग दुसरी कढई गॅस बंद करून, नुसते झाकण सरकवून विझवली. एवढे पाहिल्यावर समजावून सांगायला फार काही उरले नाही. त्यानंतर अलार्मची मागणी घरांतून आपणहून आली.

एप्रिलही चांगला मुहूर्त आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटात कर्तव्यावर असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि तेव्हा जवान अशा कार्यक्रमांसाठी आवर्जून येतात.

खर्चाबाबत आम्ही मधला मार्ग काढला. मार्गिकेतील अलार्म संस्थेने घेतले, घरातील ज्याचे त्याने घेतले, पण खरेदी सर्वांची एकत्र केली आणि बसवण्याची मजुरी संस्थेने दिली. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचे अलार्म वर्गणीतून घेतले.

प्रश्न : ठाणेकर सचिव

आपण सर्वांनी जे लिहिले आहे त्याबद्दल मनापासून आभार. जिना मोकळा करण्याचे काम या रविवारी समिती सदस्यांच्या मजल्यांपासून सुरू करतो आणि जानेवारीच्या तपासणीबरोबरच घरभेटी ठेवतो. दोन शंका उरल्या आहेत. आमच्या निम्म्या घरांत पाइपचा गॅस आहे आणि निम्म्यांत सिलिंडर, तर गॅसगळतीचा अलार्म लावायचा झाल्यास सर्वांना एकच चालेल का? आणि दुसऱ्या मजल्यावरील एका आजोबांना कमी ऐकू येते, ते रात्री श्रवणयंत्र काढून झोपतात, त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर : विद्युत अभियंता, पुणे

जागा एकच चालणार नाही. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म फरशीपासून वीतभर उंचीवर लागतो. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असून वर जातो, म्हणून तेथे अलार्म छताच्या जवळ हवा. घेतानाही तो कोणत्या वायूसाठी आहे हे खोक्यावर पाहावे. वाजला तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांपैकी कोणत्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद करावी, खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन फोन करावा. एलपीजीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. पाइपचा गॅस असेल तर पुरवठादार कंपनीचा आपत्कालीन क्रमांक दाराच्या आतल्या बाजूस लिहून चिकटवावा.

आजोबांविषयी : नेहमीच्या अलार्मचा सूर सुमारे ३००० हर्ट्झचा, म्हणजे बराच उंच असतो आणि वयानुसार नेमके तेच सूर आधी ऐकू येईनासे होतात. ५२० हर्ट्झच्या खालच्या सुराचा अलार्म मिळतो, तो अशा माणसांना अधिक खात्रीने जागे करतो. उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती आणि लखलखणारा दिवा जोडलेले संचही असतात; श्रवणयंत्र काढून झोपणाऱ्यांसाठी मी तोच सुचवीन. संच येईपर्यंत आजोबांच्या घरचा अलार्म शेजारच्या घरातील अलार्मशी बिनतारी जोडता येईल. एकमेकांशी जोडले जाणारे अलार्म एकाच बनावटीचे घ्यावे लागतात. शेजाऱ्यांकडे आजोबांच्या दाराची एक किल्ली असू द्यावी, आणि रात्री आतून कडी लावायची की नाही हे त्यांच्याशी आधीच बोलून ठरवावे.